होडीचं इपॉक्सी आणि जॅकोचा बास

कोकणात लाकडी वाद्य सांभाळणं किती कटकटीचं असतं ते इथल्या कुठल्याही भजनी मंडळाला विचारा. पाऊस सुरू झाला की पेटीच्या पट्ट्या अडकतात, पखवाज बसतो, गिटारची मान वाकते. अशीच दमट, खारी हवा अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर असते. तिथल्या हवेने एका पोराने पैसे साठवून घेतलेला डबल बास चक्क फोडून टाकला. पोरगा वैतागला आणि त्याने इलेक्ट्रिक बासवरच हात चालवायचं ठरवलं. त्याचं नाव जॅको पास्टोरियस. आज कुठल्याही कॉलेज बँडमधल्या बासवाल्याला विचारा, हे नाव त्याला माहीत नसेल तर तो अजून नवा आहे असं समजा.

जॅकोचा जन्म 1 डिसेंबर 1951चा, पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाऊनचा. गंमत म्हणजे त्याच वर्षी कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या, मूळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने आपला इलेक्ट्रिक बास बाजारात आणला. नाव प्रिसिजन, म्हणजे अचूक. त्याआधी बासवाले माणसाएवढा डबल बास उभा धरून, अंदाजाने बोट ठेवून सूर काढायचे. फेंडरने मानेवर धातूचे फ्रेट ठोकले. सतारीला पडदे असतात ना, तेच काम. बोट त्यांच्या मधे कुठेही पडलं तरी सूर बरोबर लागणार. आणि याच फेंडरच्या बासचे फ्रेट काढून टाकलेलं रूप जॅकोने जगभर गाजवलं!

वडील ड्रमर, म्हणून जॅकोही आधी ड्रमवर. तेराव्या वर्षी फुटबॉल खेळताना मनगट मोडलं, ड्रम नीट वाजेनात, हातात बास आला. कुटुंब तोवर फोर्ट लॉडरडेलला राहायला आलेलं. क्युबाहून रेडिओवर येणारं संगीत, सोल, जॅझ, जे कानावर पडेल ते तो उचलत होता. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेलं, मुलगीही झालेली. घर चालवायला मिळेल त्या बँडमध्ये वाजवायचा.

मग त्याने 1962चा फेंडर जॅझ बास घेतला. त्याचे फ्रेट लोणी लावायच्या सुरीने उपटले, अशी दंतकथा आहे. खुद्द जॅकोने ही गोष्ट वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सांगितली. फ्रेट आधीच कुणीतरी वाईट पद्धतीने काढलेले होते, असंही एकदा सांगून झालं. मला तर खरी गंमत त्या सुरीत नाही, पुढच्या कामात वाटते. फ्रेट काढल्यावर राहिलेल्या फटी त्याने लाकडाच्या लांबीने भरल्या. पण तारा होत्या राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत. अशी तार उघड्या लाकडावर घासली की कानशीसारखी लाकूड खाते. मग जॅकोने होडीला लावायचं इपॉक्सी आणलं आणि थरावर थर देऊन मान काचेसारखी टणक केली. मिरकरवाडा बंदरात फायबरच्या होड्यांची डागडुजी होताना जो उग्र वास येतो, त्याच्याच जवळपासचा हा प्रकार. किनाऱ्यावरच्या पोरालाच सुचावं असं!

फ्रेटशिवायचा इलेक्ट्रिक बास काही जॅकोने शोधला नाही. बिल वायमनकडे तो आधीच होता, अँपेग कंपनी 1966मध्ये तसा बास विकतही होती. पण जॅकोच्या बासमधून जो आवाज आला तो आधी कुणी ऐकला नव्हता. तार टणक मानेला हलकेच घासत थरथरते आणि सूर गुणगुणत, पसरत जातो. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तार अशीच हलकी घासते, म्हणून तर तो झणझणाट. शिवाय फ्रेट गेल्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, आपल्या मींडेसारखं.

तो उद्धटही होता. वेदर रिपोर्ट या बँडचा जो झाविनुल मायामीत आला, तेव्हा जॅकोने त्याला गाठून आपण जगातले सर्वात भारी बासवादक असल्याचं सांगून टाकलं. झाविनुलने आधी झटकलं. नंतर जॅकोचं रेकॉर्डिंग ऐकून त्याने विचारलं, की तू इलेक्ट्रिक बासही वाजवतोस का? म्हणजे आपण डबल बासच ऐकतोय असं त्याला वाटलेलं. याहून मोठी पावती कुठली!

1976 साली पहिला अल्बम आला. पहिलाच ट्रॅक डोना ली, सॅक्सोफोनवाल्यांची दमछाक करणारी धून, इथे बासवर, सोबतीला फक्त काँगा. त्याच वर्षी जोनी मिचेलचा हेजिरा, पुढच्या वर्षी वेदर रिपोर्टचा हेवी वेदर. स्टेजवर तो पावडर टाकून घसरत नाचायचा (कॅरमवाल्यांना हे लगेच कळेल).

इथे एक पाटी पुसायला हवी. नशा केल्याशिवाय जिनिअस होत नाही असं सांगणारे दादा प्रत्येक कॉलेजात असतात, आणि ते जॅकोचं उदाहरण देतात. उलट आहे. सुरुवातीच्या वर्षांत तो दारू-ड्रग्जपासून लांब होता आणि तो पहिला अल्बम त्याच काळातला आहे. दारू नंतर आली. 1982मध्ये बायपोलर आजाराचं निदान झालं. उपचार धड टिकले नाहीत, कामं गेली, घर मोडलं, न्यूयॉर्कच्या बागांमधून तो बेघर फिरू लागला. त्याच्या आसपास चाहते खूप होते. पण चाहता असणं वेगळं आणि आजारी माणसाला रोज गोळी घ्यायला लावणारं कुणी असणं वेगळं.

लाडक्या बासचीही दशा झाली. जॅकोने तो आपटून तुकडे केले. केविन कॉफमन आणि जिम हॅमिल्टन या कारागिरांनी तुकडे जोडून, लाकूड भरून तो पुन्हा उभा केला. आणि थोड्याच दिवसांत, 1986मध्ये, न्यूयॉर्कच्या एका बागेतून तो चोरीला गेला. सप्टेंबर 1987मध्ये फ्लोरिडातल्या एका क्लबच्या दारात जॅकोला बेदम मारहाण झाली. 21 सप्टेंबरला तो गेला. वय 35.

तुमच्याकडे साधा, सेकंडहँड का असेना, बास असेल तर हे वाचून लगेच स्वयंपाकघरातून सुरी आणू नका. आधी ॲलन की घेऊन मानेचा बाक बघा, ब्रिजवरून तारांची उंची कमी-जास्त करा, तारांचा प्रकार बदलून ऐका. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. स्क्रू अर्धा फेरा फिरवल्यावर आवाजात काय बदललं हे स्वतःच्या कानाने कळतं, तेव्हा ते वाद्य दुकानातलं राहत नाही, तुमचं होतं. फ्रेट उपटायचेच असतील तर घरच्यांनी घेऊन दिलेल्या बासचे नको, इतकंच.

जॅकोचा बास वीस वर्षांनी, 2006मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या दुकानात सापडला. मालकी कुणाची यावर भांडण झालं. शेवटी 2010मध्ये मेटॅलिकाच्या रॉबर्ट ट्रुहियोने पैसे भरून तो सोडवला, आणि कुटुंबाला हवा तेव्हा त्याच किमतीत परत द्यायचं लिहून दिलं. शरीरभर जोडकामाच्या रेघा असलेला तो बास अजून वाजतो.