सत्यान्वेषण आणि इतिहास : शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा लेखनप्रवास

शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) बंगाली वाचकाला दोन भिन्न रूपांत परिचित आहेत. ब्योमकेश बक्षी या सत्यान्वेष्याचे जनक हे एक रूप आणि 'गौडमल्लार', 'तुंगभद्रार तीरे' आदी ऐतिहासिक कादंबऱ्यांचे कर्ते हे दुसरे. ही दालने वेगळी मानण्याकडे समीक्षेचा कल असतो आणि त्यांत रहस्यकथेला खालची पायरी मिळते. बाबूराव अर्नाळकरांच्या वाट्याला आपल्याकडे जे आले ते स्मरणात ठेवले, तर या पंक्तिप्रपंचाचे नवल वाटू नये. परंतु शरदिंदूंचे आयुष्य क्रमाने पाहू लागले की ही विभागणी फार काळ टिकत नाही. ज्या लेखकाने आयुष्याची शेवटची अठरा वर्षे मुख्यतः पुण्यात व्यतीत केली, त्याच्याकडे मराठी अभ्यासकाने या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

त्यांचा जन्म ३० मार्च १८९९ रोजी जौनपूर येथे झाला. वडील वकील होते. शरदिंदूंची जडणघडण बिहारमधील मुंगेर येथे झाली. म्हणजे हा बंगाली लेखक जन्मापासूनच बंगालच्या सीमेबाहेरचा होता. कलकत्त्यास महाविद्यालयीन शिक्षण आणि पाटण्यास कायद्याचा अभ्यास झाल्यावर त्यांनी काही काळ वकिली केली. १९२९ मध्ये ती सोडून ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले. वकिली सुटली तरी साक्षीपुराव्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र सुटली नाही, असे त्यांचे पुढील लेखन वाचताना जाणवते.

१९३२ मध्ये ब्योमकेश अवतरला. डिटेक्टिव्ह ही उपाधी त्याला रुचत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवितो. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. गुन्हेगार पकडण्यापेक्षा घडून गेलेल्या गोष्टीचे यथार्थ स्वरूप जाणणे हे त्याचे प्रयोजन आहे, आणि इतिहासकाराचे प्रयोजनही याहून फारसे वेगळे नसते. याच सुमारास शरदिंदूंनी 'जातिस्मर'मधील कथा लिहिल्या. त्यांतील निवेदक रेल्वेत कारकुनी करणारा सामान्य मनुष्य असून त्याला पूर्वजन्म आठवतात. एकीकडे वर्तमानातील खुणांवरून भूतकाळ उकलणारा तर्क, तर दुसरीकडे भूतकाळात थेट उडी घेणारी स्मृती, अशा दोन्ही वाटा एकाच लेखणीने एकाच वेळी चोखाळल्या, ही गोष्ट विशेष लक्षणीय वाटते.

१९३८ मध्ये हिमांशु राय यांच्या निमंत्रणावरून ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहिण्यास मुंबईस आले. या पर्वाविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. पोटापाण्याची सोय झाली, पण ब्योमकेश सुमारे पंधरा वर्षे मुका राहिला. स्कंदगुप्ताच्या काळावरील 'कालेर मंदिरा' ही कादंबरी मुंगेरला आरंभिली गेली आणि मुंबईत पुरी झाली. १९५२ मध्ये चित्रपटसृष्टीचा निरोप घेऊन ते पुण्यात स्थायिक झाले.

पुनरागमनानंतरच्या ब्योमकेशकथांत इतिहासाचे भान अधिक गडद झालेले दिसते. 'दुर्गरहस्य' या दीर्घकथेत वर्तमानातील मृत्यूचे मूळ एका जुन्या किल्ल्यात आणि १८५७ च्या धामधुमीत लपविलेल्या धनात आहे. आणि ज्याचा बळी जातो तो इतिहासाचा प्राध्यापक आहे! 'आदिम रिपु'मध्ये तर नुकताच सरलेला काळच इतिहास म्हणून उभा राहतो. १९४६ च्या दंगलींनी होरपळलेले कलकत्ता आणि १५ ऑगस्ट १९४७ ची पहाट यांच्या दरम्यान ही कथा घडते. शहरात शेकडो खून होत असताना एका खुनाचा शोध घेण्यास काय अर्थ उरतो, हा प्रश्न लेखक उघडपणे विचारीत नाही. परंतु शेवटी ब्योमकेश जो निवाडा करतो, तो या प्रश्नावाचून समजणार नाही.

'तुंगभद्रार तीरे' या कादंबरीसाठी त्यांना १९६७ मध्ये रवींद्र पुरस्कार लाभला. कथानक दुसऱ्या देवरायाच्या विजयनगरात घडते. रॉबर्ट सेवेल यांचा विजयनगरविषयक ग्रंथ हा तिचा प्रमुख आधार. या ग्रंथात अब्दुर रझाक या तैमूरी वकिलाने नोंदविलेली एक घटना येते. राजाच्या भावाने नव्या वास्तूत मेजवानी योजिली, वाद्यांच्या गजरात एकेका सरदाराचा आत नेऊन वध केला आणि मग राजावरच शस्त्र चालविले. राजा बचावला. सिद्धहस्त रहस्यकथाकाराला अशी नोंद म्हणजे आयतीच रचलेली अपराधकथा. शरदिंदूंनी कादंबरीत कटाचे सूत्र राजबंधू कंपनाकडे सोपविले. परंतु ही घटना इ. स. १४४३ च्या सुमाराची, आणि कादंबरीचा काळ १४३० चा. काटेकोर इतिहासकार येथे आक्षेप घेईल. शरदिंदूंची भूमिका अशी होती की आपण कल्पनेचा साज चढविलेला इतिहास लिहीत नसून इतिहासाच्या पार्श्वभूमीवर कल्पित कथा लिहितो. ही भूमिका सोयीची आहे, हे मान्य करावे लागते. ब्योमकेशकथेत घड्याळाचा काटा पाच मिनिटे सरकला तरी न चालवून घेणारा लेखक ऐतिहासिक कादंबरीत तेरा वर्षे सहज सरकवितो. माझ्या मते याचे समर्थन एवढेच करता येईल की रहस्यकथेत वाचक लेखकाबरोबर पुरावा तपासत असतो, म्हणून तेथे कालविपर्यास ही फसवणूक ठरते; ऐतिहासिक कादंबरीत वाचकाने तसा करार केलेला नसतो. मात्र आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारे कितीजण हा फरक ध्यानात ठेवतात, याविषयी शंका घ्यावी अशी परिस्थिती आहे.

महाराष्ट्राचे ऋण त्यांच्या साहित्यात स्पष्ट आहे. शिवकाळातील सदाशिव या पोरक्या मुलाच्या कथा त्यांनी बंगाली बालवाचकांसाठी लिहिल्या. त्यांत शिवाजी महाराजांचे पराक्रम दरबाराच्या बाजूने न दिसता एका भटक्या, चपळ पोराच्या नजरेतून दिसतात, आणि हेर व शोधक यांच्यातील नाते पुन्हा डोकावते. 'शैलरहस्य'मध्ये ब्योमकेश स्वतः महाबळेश्वरी येतो आणि तेथील हॉटेलातील मृत्यूची हकीकत पत्राने अजितला कळवितो. या कथेत तर्काच्या जोडीला पिशाच्चही आहे, हे रहस्यकथेच्या कर्मठ भोक्त्यांना खटकते. 'जातिस्मर'च्या लेखकाकडून ते अनपेक्षित नव्हते.

२२ सप्टेंबर १९७० रोजी शरदिंदूंचे निधन झाले. तेव्हा 'विशुपाल वध' ही ब्योमकेशकथा अपुरी होती. 'कीचकवध' म्हटले की मराठी वाचकाला खाडिलकर आणि १९१० ची बंदी आठवते. या अपुऱ्या कथेतील नटाचा मृत्यूही कीचकवधाच्या प्रयोगातच, रंगमंचावरील अंधारात होतो.