चित्रकाराचा बंब

आगीचा बंब कोणी घडवला, असा प्रश्न क्विझमध्ये आला तर आपण पटकन एखाद्या इंजिनिअरचं नाव शोधायला लागू. मेकॅनिकलवाले तर कॉलर ताठ करूनच बसतील! पण पंप एका जागी उभा आणि लांब नळी हातात धरून माणूस थेट आगीपर्यंत गेलेला, हे जे बंबाचं रूप आज आपल्या ओळखीचं आहे, ते ज्याने आणलं तो माणूस पेशाने चित्रकार होता. त्याचं नाव यान व्हॅन डर हेडन. जन्म १६३७, मृत्यू १७१२. चित्रकलेच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे. आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकांत मात्र ते मला तरी कुठे सापडलं नाही, म्हणून हा लेख.

यान जन्मला हॉलंडमधल्या गोरिंकेम या गावी. घरची परिस्थिती बरी होती. १६५० मध्ये हे कुटुंब ॲम्स्टरडॅमला आलं. एक भाऊ आरसे बनवण्याच्या धंद्यात होता, आणि यानचा हात लहानपणापासून चित्रकलेत चालत होता. शहरात येऊन दोनच वर्षं झाली होती, तेव्हा म्हणजे जुलै १६५२ मध्ये ॲम्स्टरडॅमची जुनी नगरपालिकेची इमारत एका रात्रीत जळून गेली. यान तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पुढे अडतीस वर्षांनी त्याने बंबावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यातल्या चित्रांत ही आगसुद्धा होती. काही गोष्टी डोक्यातून जात नाहीत, हेच खरं.

मोठा झाल्यावर त्याने शहरांची चित्रं काढली. कालवे, पूल, चर्च, घरांच्या दर्शनी भिंती. त्याची ख्याती अशी की भिंतीतली वीट न् वीट मोजून घ्यावी. १६६७ साली त्याने नव्या नगरपालिकेचं चित्र काढलं, ते आज फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. ते नेमक्या कोणत्या जागेवरून पाहायचं, हे ठरवून देणारं एक साधन त्याने त्या चित्रासोबत दिलं होतं. म्हणजे चित्र काढतानाही त्याचा हिशेब इंजिनिअरचाच! कोणती वस्तू कुठे आहे, बघणारा कुठे उभा आहे आणि मध्ये अंतर किती, याची त्याला सवयच लागलेली होती. माझ्या मते त्याच्या बंबाचं मूळ या सवयीतच आहे.

शहराचं पहिलं मोठं काम त्याला मिळालं ते दिव्यांचं. अंधारात माणसं कालव्यात पडत, चोऱ्या होत. १६६९ मध्ये त्याने रस्त्यावरच्या तेलाच्या दिव्यांची योजना मांडली आणि ती मंजूर झाली. दिवा वाऱ्याने विझू नये, पण धूर बाहेर जावा आणि काच काळी पडू नये, अशी हवेची वाट त्याने कंदिलात ठेवली. थोड्याच काळात शहरभर सुमारे २५०० दिवे लागले, आणि ही व्यवस्था १८४० पर्यंत टिकली. एवढ्यावर थांबला असता तरी त्याचं नाव राहिलं असतं. पण त्याच्या डोक्यात आग होती.

आता त्या काळची आग विझवायची पद्धत पाहू. पगारी अग्निशमन दल हा प्रकारच नव्हता. ॲम्स्टरडॅममध्ये तसं दल उभं राहिलं थेट १८७४ मध्ये. त्याआधी आग लागली की आपापला धंदा सोडून धावायचं ते वस्तीतल्या माणसांनीच. आजच्या अर्थाने यांना अगदी स्वयंसेवक म्हणता येणार नाही, कारण हे नागरिकांचं कर्तव्य मानलं जाई आणि कामाचा मोबदलाही मिळे. पण रोजचा व्यवसाय सुतारकीचा नाहीतर हमालीचा, आणि घंटा वाजली की बंबावर, असा हा मामला. साधनं काय? चामड्याच्या बादल्या, शिड्या, आकड्या. शेजारची घरं वाचवायला त्यांच्यावर जहाजाची ओली शिडं टाकायची. आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मधलं घर पाडायचं.

बंब नव्हते असं नाही. दांडा वरखाली करून चालणारे पंप युरोपात होते. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या हान्स हाउचची यंत्रं तर प्रसिद्ध होती. त्यांची रचना साधी. एक मोठी टाकी, त्यात पंप, आणि वर तोफेसारखी धातूची ताठ नळी. बादल्यांच्या रांगेने टाकी भरायची, माणसांनी दांडा मारायचा आणि रस्त्यावरून आगीवर फवारा सोडायचा. दिसायला जबरदस्त! जत्रेत ठेवलं तर गर्दी व्हावी असं. पण आग विझायची का?

यानने हा प्रश्न धरला, आणि उत्तर शोधायला तो पंपाकडे न बघता घराकडे बघू लागला. ॲम्स्टरडॅमची घरं अरुंद आणि खोल. रस्त्यावर तोंड लहान, पण आत लांबच लांब, आणि मागे पुन्हा मागचं घर. आग लागायची मागच्या खोलीत नाहीतर माळ्यावर. रस्त्यावरचा फवारा लागायचा पुढच्या भिंतीला. जे थोडं पाणी खिडकीतून आत जाई, ते हवेतच फुटून तुषार झालेलं असे. बंब जवळ न्यावा तर भिंत अंगावर कोसळायची भीती, लांब ठेवावा तर पाणी पोचत नाही. त्यात बादल्यांची रांग लागलेली, त्यामुळे रस्ता बंद. म्हणजे पंपाची ताकद कमी नव्हती, ती ताकद चुकीच्या जागी खर्च होत होती. आपण लॅबमध्ये पंपाची एफिशिअन्सी काढतो, पण पाणी जिथे हवं तिथे पोचलं का, हा कॉलम आपल्या ऑब्झर्वेशन टेबलमध्ये नसतो. यानच्या टेबलमध्ये तो पहिला होता.

यानचा भाऊ निकोलस पाण्याच्या कामांचा जाणकार होता. दोघांनी मिळून १६७२ मध्ये उत्तर काढलं. ताठ नळी काढून टाकायची आणि तिच्या जागी चामडं शिवून केलेली लांब, लवचिक नळी लावायची. आपल्याकडे विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची चामड्याची सोंड आठवेल. कल्पना त्याच जातीची, पण एक मोठा फरक आहे. मोटेच्या सोंडेतून पाणी आपल्या वजनाने खाली पडतं, इथे ते पंपाच्या दाबाने वर चढायचं. म्हणजे शिवण दाबाखाली उसवता कामा नये, आणि चामडं वाळून तडकता कामा नये. अशा नळीचे साधारण ५० फुटांचे तुकडे करून टोकांना पितळी जोड बसवले, म्हणजे हवे तेवढे तुकडे जोडत जायचं. डच भाषेत नळी आणि साप या दोन्हींना एकच शब्द आहे, स्लांग. त्यामुळे या बंबाचं नावच सापवाला बंब असं झालं. आणि हा साप जिन्याने वर जाई, कोपऱ्यावर वळे, मागच्या घरात शिरे. नळीत घर्षणाने थोडा दाब जातो हे खरं, पण हवेत फवारा उडवून जे वाया जाई त्यापुढे तो खर्च काहीच नाही.

आता उरलं पाणी आणायचं. शहरभर कालवे, पण ते रस्त्याच्या पातळीच्या खाली. दोघांनी आधी एक साधी युक्ती केली. कालव्याच्या काठी घोडीवर कॅनव्हासची मोठी पिशवी टांगायची, तिच्यात पाणी ओतायचं आणि तिथून कॅनव्हासच्या नळीने ते उतारावरून बंबापर्यंत सोडायचं. बादल्यांची लांबलचक रांग एका झटक्यात आखूड झाली! पुढे त्यांनी पाणी खेचून घेणाऱ्या पंपाची सोय केली. पाणी खेचायचं तर नळी ताठच लागते, कारण आत दाब कमी झाला की बाहेरची हवा मऊ नळीला चपटी करून टाकते. ज्यूसच्या मऊ पडलेल्या स्ट्रॉने ओढून पाहा, लगेच कळेल.

इथे मला यानचं खरं मोठेपण दिसतं. त्याने बंब मोठा केला नाही, उलट सुटसुटीत केला. का? कारण ओढणारी माणसं वस्तीतली होती. रात्री झोपेतून उठून आलेली, अरुंद पुलावरून आणि गल्लीतून यंत्र न्यायचं. एकच प्रचंड बंब शहराच्या मध्यात ठेवण्यापेक्षा लहान बंब वस्तीवस्तीत ठेवलेले बरे, कारण आगीच्या बाबतीत पहिली काही मिनिटंच महत्त्वाची. आग कोळशाएवढी असताना दोन बादल्या पुरतात, छप्पर पेटल्यावर अख्खा कालवा पुरत नाही. आजसुद्धा एखाद्या गावाच्या स्वयंसेवी दलाने गाडी घ्यायची ठरवली, तर प्रश्न हेच आहेत. आपले रस्ते किती रुंद, पाणी कुठे, घरं कशी, आणि घंटा वाजल्यावर किती माणसं येणार? टाकी किती मोठी आणि गाडी किती चकचकीत, हे नंतर. कॅटलॉग आधी उघडला की उलटं होतं.

१६७३ मध्ये शहराने दोघा भावांना बंबांच्या देखरेखीवर नेमलं आणि १६७७ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. यानने स्वतः कारखाना काढून बंब विकले, चांगला पैसाही केला. १६८५ मध्ये शहराच्या अग्निशमन व्यवस्थेची नव्याने घडी बसवली, त्यातही तो पुढे होता. यंत्र दिलं आणि मोकळा झाला, असं त्याने केलं नाही. यंत्रामागची माणसं कशी कामाला लावायची, हेही त्याने आपलंच काम मानलं.

आगीनंतर तो जळक्या घरांची चित्रं काढी. कौलं कुठपर्यंत गेली, तुळया कुठे तुटल्या, कोणती भिंत उभी राहिली. १६९० मध्ये त्याने आपल्या मुलाबरोबर बंबांचं सचित्र पुस्तक छापलं. त्यात जळत्या घराचा उभा छेद आहे. जुना बंब बाहेरून भिंत धूत बसला आहे आणि नव्या बंबाची नळी माणसाच्या हातात आतल्या मजल्यावर पोचली आहे. आपण ज्याला सेक्शनल एलेव्हेशन म्हणतो तेच, पण एका नजरेत पटवणारं. सोबत आकडे आहेत. जुन्या यंत्रांच्या काळातल्या ११ आगींत मिळून दहा लाख गिल्डरांहून जास्त नुकसान, आणि नवी यंत्रं आल्यानंतरच्या ४० आगींत मिळून साडेअठरा हजारांच्या आत.

आकडे वाचून मी थक्क झालो. मग जरा थांबलो. कारण हे पुस्तक बंब विकणाऱ्यानेच लिहिलेलं आहे! जुन्या काळातल्या मोठ्या आगी निवडून घेतल्या असतील आणि नंतरच्या बारीकसारीक आगीही मोजल्या असतील, अशी शंका कोणीही घेऊ शकतो. ती घ्यावी. पण शंकेला जागा देऊनही फरक इतका मोठा आहे की तो नुसत्या मोजणीच्या चलाखीने भरून निघत नाही. आणि शहरानेही आपले जुने बंब काढून हे नवे घेतले, हा पुरावा आहेच.

रशियाचा झार पीटर १६९७-९८ मध्ये जहाजबांधणी शिकायला ॲम्स्टरडॅममध्ये होता. त्याने यानचे बंब पाहिले आणि त्याला रशियाला बोलावलं. यान गेला नाही. वय साठ, घर-कारखाना इथे, आणि शहराची जबाबदारी अंगावर. १७१२ मध्ये ॲम्स्टरडॅममध्येच त्याचं निधन झालं. शेवटपर्यंत शहराचे दिवे आणि बंब हीच त्याची कामं होती, आणि अधूनमधून चित्रं.

चामड्याची नळी पुढे बदलली. १८०७-०८ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियाला शिवणीच्या जागी तांब्याचे रिव्हेट आले, नंतर विणलेलं कापड आणि रबर आलं. हात जाऊन वाफ आली, वाफ जाऊन डिझेल आलं. पण तुकड्यातुकड्यांत जोडत जाणारी नळी आणि तिच्या टोकाशी आगीपर्यंत गेलेला माणूस, हा आराखडा साडेतीनशे वर्षांत बदललेला नाही. आपल्याकडे अग्निशमनाची ६३ मिलिमीटरची नळी बहुधा १५ मीटरच्या तुकड्यात मिळते. फुटांत करून बघा, यानचे पन्नास फूट येतात.

होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एक लाल पेटी असते. आपण तिच्यावर टॉवेल वाळत घालतो, मेसचं टाइमटेबल चिकटवतो. तिच्या आत हाच साप वेटोळं घालून बसलेला आहे. त्याला बाहेर काढून जोडायचं कसं, व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला फिरतो, नळी दाबाने ताठ झाली की एकट्याला का आवरत नाही, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? इंजिनिअरिंगची पोरं आपण! रात्री दोन वाजता आग लागली तर बंब गेटवर यायच्या आधीची ती पहिली काही मिनिटं आपलीच असणार आहेत. सिक्युरिटीचे काका, रेक्टर सर आणि विंगमधली चार पोरं, हेच आपलं वस्तीतलं दल. तेव्हा एखाद्या रविवारी रेक्टर सरांची परवानगी काढून, जाणकार माणूस सोबत घेऊन ती पेटी उघडू या, नळी अंगणात पसरू या आणि एकदा पाणी सोडून पाहू या. सबमिशनमध्ये याला मार्क नाहीत, पण करण्यासारखं प्रॅक्टिकल हेच आहे.