गणिताच्या प्राध्यापकांचं दुसरं काम

स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचं चरित्र हवं, असं संपादक मंडळाने ग्रुपवर टाकलं आणि ते काम माझ्याकडे आलं. आपल्या शाळेच्या व्हरांड्यात थोरांच्या तसबिरींची रांग होती, त्यात महर्षी धोंडो केशव कर्वे होते. त्यांचा थोरला मुलगा मात्र मी कुठल्याच शाळेच्या भिंतीवर पाहिलेला नाही. म्हणून त्यालाच निवडलं.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. १८९९ च्या मॅट्रिकला ते पहिले आले. पुढे फर्ग्युसन कॉलेज, गणिताची प्राध्यापकी आणि त्याच विषयाच्या अभ्यासासाठी पॅरिस. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. एवढ्यावर थांबले असते तर पेन्शन घेऊन सुखात राहिले असते, आणि हा लेखही लिहावा लागला नसता.

१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये पहिलं केंद्र उघडलं ते याच वर्षी. कर्वे हे विचार उघडपणे मांडू लागले. मिशनऱ्यांच्या कॉलेजला ते रुचलं नाही आणि नोकरी गेली. पत्नी मालतीबाई ठाम बरोबर राहिल्या. आपल्याला मूल नको, हा निर्णय त्या दोघांचा होता. शंभर वर्षांपूर्वी, तोही महर्षींच्या घरात!

कर्वे म्हटलं की संततिनियमनच आठवतं. पण ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तकही त्यांचंच, आणि मला ते कामही तितकंच मोलाचं वाटतं. त्या काळी गरमी आणि परमा हे शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती. रोग बहुधा नवरा बाहेरून आणायचा, भोगायची बायको. आईला परमा असेल तर बाळंतपणात जंतू बाळाच्या डोळ्यांत जात आणि त्याची दृष्टी जाऊ शके. इलाज म्हणाल तर पारा, नाहीतर १९१० पासून मिळू लागलेलं सोमलयुक्त सालव्हर्सान, तेही महिनोन्‌महिने सुया टोचून घेत. गरमीवर पेनिसिलिन चालतं हे १९४३ मध्ये कळलं. म्हणजे विसाच्या दशकात बचाव हाच खरा उपाय होता. रोग जंतूने होतो, पापाने नाही, तेव्हा त्याकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून बघा, ही कर्व्यांची भूमिका. संततिनियमनासाठी ते सांगत त्यातलं एक साधन रोगापासूनही वाचवतं, हा हिशेब गणिताच्या माणसाला सुटणारच.

सर, मॅडम, रागावू नका, पण ‘प्रजनन’ हा धडा आपल्याला घरी वाचून घ्यायला सांगितला होता. आपल्या बॅचने एड्स हा शब्द दूरदर्शनच्या जाहिरातीत ऐकला, आणि मोठ्यांनी लगेच आवाज कमी केला. भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये, मद्रासला. शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन तिथल्याच मराठी कुटुंबातल्या, माहेरच्या गायतोंडे. १९९२ मध्ये पुण्याला भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. तिथल्या लोकांना जे सांगत फिरावं लागलं, त्यातलं कितीतरी कर्वे पन्नास-साठ वर्षं आधी मराठीत लिहून गेले होते.

ते लिहीत ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकात. जुलै १९२७ मध्ये ते निघालं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असे, त्यामुळे अंक लपवून वाचला जाई. वाचक पत्रातून प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ भाषेत उत्तरं देत. मासिक कायम तोट्यात. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला, तोही वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, आणि वाचकाने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायलाच हवं, हा त्यांचा मुद्दा. खटला हरले, दंड २०० रुपये. बाबासाहेबांचं सगळं काही ठाऊक असल्याचा आपल्याला नागपूरकरांना अभिमान, पण हा खटला मला चाळिशीत कळला. सीताबर्डीवर एवढी वर्षं पुस्तकं चाळली, तरी!

कर्व्यांचं सगळंच आज पटेल असं नाही. चांगली संतती कोणाला व्हावी, याबद्दल तेव्हा जगभर जो विचार चालला होता, तो त्यांनाही मान्य होता. तो भाग आता वाचवत नाही. स्वभावही सडेतोड, चार माणसं जोडणारा नव्हे. संततिनियमनाच्या साधनांना गांधीजींचा विरोध, तर हे त्यांच्यावरही टीका करत.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो त्यांना जेमतेम वर्षभर पाहायला मिळाला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये निघाला.