सृष्टिनिरीक्षक ईहा

सातारा येथे १६ ऑगस्ट १८५१ रोजी एका स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या घरी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. प्रथम वडिलांनीच त्याला घरी शिकविले. पुढे मुंबई व पुणे येथे त्याने उच्च शिक्षण पूर्ण केले. १८७० पासून सहा वर्षे एटकेन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन भाषा शिकवीत होते. १८७६ साली ते सरकारच्या जकात व मीठ खात्यात नोकरीस लागले.

मीठ खात्यातील नोकरी म्हणजे पुष्कळदा एकांतवासच असे. कच्छच्या रणाकाठचे खाराघोडा हे असेच एक रुक्ष ठाणे. तेथे बोलावयास माणसे थोडी. परंतु एटकेन यांना सोबत्यांची वाण पडली नाही. भिंतीवरची पाल, दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे, ओसरीवरून जाणारी मुंग्यांची रांग, हेच त्यांचे शेजारी झाले. या शेजाऱ्यांविषयी त्यांनी इंग्रजीत मोठ्या विनोदी शैलीने लिहिले. त्यांचे पहिले गाजलेले पुस्तक १८८३ साली प्रसिद्ध झाले. लेखाखाली ते आपल्या नावाची केवळ तीन इंग्रजी आद्याक्षरे घालीत. ती जोडून वाचली म्हणजे ‘ईहा’ असा शब्द होतो. आपल्याकडे ईहा म्हणजे इच्छा किंवा प्रयत्न. जाणण्याची इच्छा आणि पाहण्याचा प्रयत्न यांतच ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे नाव किती शोभून दिसते!

एकट्याने पाहिलेले एकट्यापाशीच राहिले, तर त्याचा जगाला काय उपयोग? १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी गृहस्थ एकत्र आले. एकाने पाहिलेले दुसऱ्यास सांगावे व जमविलेले नमुने परस्परांस दाखवावेत, या हेतूने त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते, आणि एटकेनही होते. संस्थेचे पहिले चिटणीसपद त्यांच्याकडेच आले.

पुढे एटकेन यांची नेमणूक कारवारकडे झाली. उत्तर कानडा जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. तेथील दाट रानांत जेम्स डेव्हिडसन व थॉमस बेल या दोन अधिकाऱ्यांची त्यांना साथ मिळाली. कोणत्या फुलपाखराची अळी कोणत्या झाडाचा पाला खाते, हे तिघे शोधू लागले. त्यांचा उत्तर कानड्यातील फुलपाखरांवरील प्रबंध संस्थेच्या नियतकालिकात १८९६ पासून प्रसिद्ध होऊ लागला.

या शोधात एक कोडे पुनःपुन्हा समोर येई. मऊ, निःशस्त्र अळी म्हणजे मुंगीचे आयते भक्ष्य. परंतु लहान निळ्या फुलपाखरांच्या कुळातील कित्येक अळ्यांभोवती मुंग्या निवांत वावरत असत. त्या अळीला चावत नसत. याचे कारण मोठे मौजेचे आहे. या अळीच्या पाठीवर शेपटाकडे एक सूक्ष्म ग्रंथी असते. मुंगीने आपल्या मिशांनी तेथे कुरवाळले, की गोड रसाचा थेंब बाहेर येतो. मुंगी तो पिऊन टाकते. या अळ्यांच्या अंगात आपली अंडी घालण्यासाठी गांधीलमाशीसारखे कीटक टपलेले असतात. भोवती मुंग्यांचा पहारा असला, म्हणजे त्यांना अळीजवळ येणे कठीण होते.

वनस्पतीही असाच व्यवहार करतात. एरंडाच्या पानाच्या देठावर बारीक गाठी असतात. कपाशीच्या पानाखाली, शिरेवर अशीच ग्रंथी असते. तिथून मध पाझरतो. फुलातला मध परागकण वाहून नेणाऱ्या कीटकांसाठी असतो, तर पानावरचा हा मध मुंग्यांना बोलावतो. मधासाठी आलेल्या मुंग्या पाला कुरतडणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. यात कोणी कोणावर दया करीत नाही. दोघेही आपापले पोट व जीव सांभाळतात, आणि तसे करताना एकमेकांच्या उपयोगी पडतात.

मात्र हा हिशेब नेहमीच सरळ नसतो. आंब्याची पाने रेशमासारख्या धाग्यांनी शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचेही एटकेन यांनी निरीक्षण केले होते. या मुंग्या झाडावरील पुष्कळ किडे मारतात. पण गोड रसाच्या लोभाने झाडाचा रस शोषणाऱ्या काही किड्यांना त्याच राखतात. म्हणून घाईने कोणास मित्र वा शत्रू ठरवू नये. आधी नीट पाहावे.

नीट पाहण्याची ही सवय माणसांच्याही कामी आली. गोव्याच्या सरहद्दीवरील नाक्यांवर मीठ खात्याचे शिपाई हिवतापाने आजारी पडत. त्यांच्या बचावाचा उपाय शोधण्याचे काम सरकारने एटकेन यांच्यावर सोपविले. तेथे त्यांना डासांची एक नवी जात आढळली. तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

१९०६ साली एटकेन निवृत्त झाले व एडिंबरो येथे जाऊन राहिले. तेथेच ११ एप्रिल १९०९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी सुरू केलेले काम पुढे चालविण्यास घनदाट रानच पाहिजे असे नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील पडीक जागेत उगवलेल्या एरंडापाशीही थोडा वेळ उभे राहता येते. कोवळ्या पानाच्या देठावर एखादी मुंगी स्तब्ध थांबलेली दिसली, तर ती रिकामी बसली आहे असे समजू नये. ती आपल्या पहाऱ्याचे वेतन घेत असेल.