स्वपक्षाला न रुचलेला भाष्यकार

१९३२ साली जर्मनीत राहणारा सत्तावीस वर्षांचा एक फ्रेंच तरुण पॅरिसला आला असता परराष्ट्र खात्याच्या उपमंत्र्यांना भेटला. जर्मनीवर दाटून आलेल्या संकटाचे त्याने विद्वत्ताप्रचुर विवेचन केले. उपमंत्र्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पंतप्रधानांच्या जागी आपण असता तर काय केले असते, एवढेच विचारले. तरुण निरुत्तर झाला. पुढे अर्धशतक राजकीय भाष्य करताना रेमों आरों यांनी हा प्रश्न कधी नजरेआड होऊ दिला नाही.

आरों यांचा जन्म १९०५ साली पॅरिसमधील एका ज्यू कुटुंबात झाला. झां-पॉल सार्त्र हे त्यांचे सहाध्यायी व जिवलग मित्र. १९२८ च्या तत्त्वज्ञानाच्या स्पर्धापरीक्षेत आरों पहिले आले. त्या वर्षी सार्त्र अनुत्तीर्ण झाले होते. मे १९३३ मध्ये बर्लिनमध्ये नाझींनी पेटविलेली ग्रंथांची होळी आरों यांनी प्रत्यक्ष पाहिली. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ते लंडनला गेले आणि तेथे 'ला फ्रान्स लिब्र' या मासिकाच्या संपादनात गुंतले. युद्धानंतर विद्यापीठाचे अध्यासन चालून आले असता ते नाकारून त्यांनी वृत्तपत्राची वाट धरली. १९४७ पासून तीस वर्षे ते 'फिगारो'त लिहीत होते.

त्याच वर्षी नभोवाणीने एक मैत्री मोडली. सार्त्र यांच्या गटाने एका कार्यक्रमात द गॉल यांच्यावर जहरी टीका केली. संतप्त द गॉलवादी सार्त्र यांच्यावर तुटून पडले, तेव्हा तेथे उपस्थित असलेले आरों गप्प राहिले. ते मौन सार्त्र विसरले नाहीत. १९५५ मध्ये आरों यांनी बुद्धिजीवींच्या मार्क्सभक्तीवर ग्रंथ लिहिला, आणि डाव्यांशी उरलासुरला संबंधही तुटला.

परंतु खरी कसोटी लागली ती अल्जीरियाच्या प्रश्नावर. 'फिगारो'चा वाचक उजव्या विचारांचा. अल्जीरिया फ्रेंचच राहिला पाहिजे, असे मानणारा. १९५७ मध्ये आरों यांनी पुस्तिका काढून अल्जीरियाचे स्वातंत्र्य अटळ असल्याचे सांगितले. लोकसंख्येची वाढ आणि खर्चाचा हिशेब मांडून त्यांनी दाखविले की, दोन्ही समाजांचे एकीकरण फ्रान्सला पेलणारे नाही. युद्ध चालविण्यापेक्षा तेथील फ्रेंच वसाहतवाल्यांना भरपाई देऊन मायदेशी आणणे परवडेल. उजव्यांनी त्यांना पराभूत मनोवृत्तीचे ठरविले. डावेही प्रसन्न झाले नाहीत, कारण वसाहतवादाचा नैतिक धिक्कार त्यात नव्हता. विवेचनात जिव्हाळा कमी होता, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. पण पंतप्रधानाला उपयोगी पडेल असे उत्तर त्यात होते, आणि १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला.

१९६८ च्या विद्यार्थी-उठावावर त्यांनी कठोर टीका केली, तेव्हा तरुण पिढीही दुरावली. १९७७ मध्ये रक्ताच्या गुठळीमुळे त्यांची वाचाच काही काळ गेली. १९७९ मध्ये व्हिएतनामी निर्वासितांसाठी ते आणि दृष्टी गमावत चाललेले सार्त्र एका व्यासपीठावर आले, हस्तांदोलनही झाले. जुनी मैत्री मात्र परतली नाही.

फ्रेंच जनसामान्यांना आरों खऱ्या अर्थाने भेटले ते १९८१ मध्ये, दूरदर्शनच्या पडद्यावर. १९६८ च्या पिढीतील दोन तरुण अभ्यासकांनी त्यांना आयुष्यभराच्या भूमिकांबद्दल छेडले. तीन भागांत ही मुलाखत प्रक्षेपित झाली. वाणी कष्टाने सावरलेले आरों शांतपणे उत्तरे देत होते. १९८३ मध्ये आलेल्या त्यांच्या आठवणींच्या ग्रंथालाही मोठा वाचकवर्ग लाभला. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला, फॅसिस्ट ठरविले गेलेले जुने स्नेही बर्ट्रां द जूव्हनेल यांच्या बाजूने अब्रूनुकसानीच्या खटल्यात साक्ष देऊन ते न्यायालयाबाहेर पडले आणि हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.