ल्युसी विल्स: परळच्या लॅबमधून केमोथेरपीपर्यंत

१० मे २०१९ ला गूगलवर एका ब्रिटिश डॉक्टर बाईंचं डूडल होतं, आठवतंय? त्या ल्युसी विल्स. त्यांचं सगळ्यात मोठं काम सुरू झालं ते आपल्या मुंबईत, आणि त्याचा धागा थेट केमोथेरपीच्या एका औषधापर्यंत जातो. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

ल्युसींचा जन्म १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतीशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या. तेव्हा तिथे बायकांना परीक्षा देता यायची, पदवी मात्र मिळायची नाही! पुढे १९२० मध्ये लंडनला त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ मध्ये त्या परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. मुंबईत गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना एक वेगळाच अ‍ॅनिमिया होत होता. रक्तात लाल पेशी कमी, आणि असलेल्या पेशी नको तितक्या मोठ्या. ल्युसींनी आधी या बायका काय खातात ते तपासलं. मग उंदीर आणि माकडांवर प्रयोग केले. शेवटी उपाय निघाला यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थात. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यातल्या अनोळखी घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. तेच आजचं फॉलिक अ‍ॅसिड.

हे काम कसं करतं?

नवीन पेशी बनवायला आधी डीएनएची कॉपी काढावी लागते आणि त्यासाठी फोलेट लागतं. ते नसेल तर पेशी फुगते, पण विभागत नाही. म्हणून त्या मोठ्या लाल पेशी.

आता उलटा विचार करा. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्यांचं फोलेटच अडवलं तर? येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या टीमने फोलेटसारखं दिसणारं अमिनोप्टेरिन बनवलं. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांना दिलं. १० मुलं काही काळ सुधारली. हे १९४८ साली छापून आलं. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

मी चाकणमधल्या प्लांटसाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. दिसायला सेम पण आटे वेगळे असलेला बोल्ट असेंब्ली लाइनवर आला की तो अडकतो आणि लाइन थांबते. मेथोट्रेक्सेट तेच करतं. पण लाइन कोणाची, हे त्याला कळत नाही. जिथे लाइन वेगात चालते तिथे आधी फटका: अस्थिमज्जा, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केस. म्हणजे तोंड येणं किंवा पांढऱ्या पेशी घटणं हा काही वेगळा बिघाड नाही, औषधाचं तेच काम चुकीच्या जागी होतंय.

म्हणून औषध कसं द्यायचं हेही तितकंच महत्त्वाचं. गोळी, शिरेतून किंवा थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात, कारण रक्तातून ते मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही. मोठा डोस दिला तर ठरलेल्या तासांनी ल्युकोव्होरिन देतात. ते फोलेटचंच तयार रूप आहे. म्हणजे ल्युसींना सापडलेला घटक इथे चांगल्या पेशी वाचवायला येतो.

घरी हे नक्की बघा

हेच औषध कमी डोसमध्ये संधिवात आणि सोरायसिसलाही देतात, पण आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्याने लोकांचे जीव गेले आहेत. आजीच्या पाकिटावर मेथोट्रेक्सेट दिसलं तर डॉक्टरांनी सांगितलेला वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा आणि फोनमध्ये साप्ताहिक रिमाइंडर लावा. सोबत फॉलिक अ‍ॅसिड घ्यायचं की नाही, हेही डॉक्टरच ठरवतील. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड नाही.

ल्युसी १९३७-३८ मध्ये पुन्हा हाफकिनला येऊन गेल्या आणि १९६४ मध्ये वारल्या. आज आमच्या पिंपरी-चिंचवडमधून पेशंट परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात, तिथून ही हाफकिन इन्स्टिट्यूट अगदी जवळ आहे.