अमेरिकेची एलिझाबेथ झाली कमलाबाई निंबकर

पातूर : सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेली इजा. असं लेकरू घरात असलं की माय आधी देवऋषाकडे जाते, मग अकोल्याला, मग नागपूरला. तिथं त्याला घास तोंडात घालणं, बटण लावणं, तोल धरून बसणं शिकवतात. ही ऑक्युपेशनल थेरपी. भारतात तिचं शिक्षण सुरू करणाऱ्या बाई जन्मानं अमेरिकन होत्या.

एलिझाबेथ लंडी, जन्म १९००. १९३० मध्ये विष्णू निंबकरांशी लग्न केलं अन् कमला झाल्या. चाळिशी उलटल्यावर, घरसंसार असताना, फिलाडेल्फियाला जाऊन त्या ही थेरपी शिकून आल्या. त्या वयात आपल्याकडे बाईला सुना आणायची घाई असते! १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी शाळा काढली. दोन वर्षांनी थेरपिस्टांची देशपातळीवरची संघटना उभी केली. पुढे नागपूरच्या मेडिकलमध्येही हे शिक्षण आलं, म्हणून वऱ्हाडातल्या मायबापाला मुंबई गाठायचं काम उरलं नाही.

या उपचारात गोळी-इंजेक्शन नाही. मेंदूची इजा भरून निघत नाही, पण तीच हालचाल रोज करून घेतली की लेकरू बरंच शिकतं. लवकर सुरुवात केली तर जास्त. घरी करून घेणारी मात्र मायच असते.

मेंढीपालन करणाऱ्यांना फलटणचे बनबिहारी निंबकर माहीत असतील, ते त्यांचेच चिरंजीव. कमलाबाई १९७९ मध्ये गेल्या. फलटणमध्ये त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन.